चार झेड/व्हीएम एकत्र जोडायच्या आहेत: नेमकं काय सामायिक होतं?

मुळशीकर

नमस्कार मंडळी. मेनफ्रेमचे धागे इथे क्वचितच निघतात, पण दोन-चार मुरलेले लोक आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारतोय.

आमच्याकडे (क्लायंट परदेशातला, नाव नको) आयबीएम मेनफ्रेमच्या दोन पेट्या आहेत, एक झेड१४ आणि एक झेड१५. प्रत्येकीवर दोन एलपार (पेटीचे स्वतंत्र भाग), प्रत्येक एलपारमध्ये झेड/व्हीएम ७.३ (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) आणि त्यावर लिनक्सचे गेस्ट, म्हणजे आभासी मशीन. चारही व्हीएम एकमेकींना ओळखत नाहीत. युजर डिरेक्टरी (कोणत्या गेस्टला काय दिलंय याची नोंद) वेगळी, रॅकफ (परवानग्या सांभाळणारं सुरक्षा सॉफ्टवेअर) वेगळं, डिस्का वेगळ्या. सर्व्हिस (सिस्टमच्या दुरुस्त्या) लावायची म्हणजे आयपीएल (सिस्टम नव्याने बूट करणं) आला, आणि आयपीएल म्हणजे त्या एलपारवरच्या झाडून सगळ्या ॲप्लिकेशनवाल्यांची परवानगी. ती मिळते रविवारी पहाटेची. मग पुण्यात बसून आम्ही जागतो.

झेड/व्हीएममध्ये एसएसआय (सिंगल सिस्टम इमेज) म्हणून अनेक व्हीएम एका क्लस्टरमध्ये जोडायची सोय आहे. आता वरून आदेश आलाय: "एसएसआय क्लस्टर करा. चारही मशीनची मेमरी आणि आयएफएल (लिनक्ससाठीचे प्रोसेसर) एकत्र होतील, जिथे कमी पडेल तिथे दुसरीकडून घेता येईल." मॅन्युअल चाळलं तर मला तसं काही दिसत नाहीये. मग सामायिक नेमकं होतं तरी काय? आणि एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

सीएमएस_आजोबा

अर्थ आहे, पण साहेबांनी सांगितलेल्या कारणासाठी नाही.

मेमरी आणि प्रोसेसर एकत्र होत नाहीत. हे आधी लिहून त्यांच्याकडून मान्य करून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी "क्लस्टर करूनही मेमरी कमी कशी पडते?" हा प्रश्न तुमच्याच गळ्यात पडेल. चार बिऱ्हाडांचा वाडा समजा: विहीर, अंगण, दिंडी दरवाजा एक, पण चूल ज्याची त्याची. एका एलपारला दिलेली मेमरी त्याचीच राहते. पेजिंगच्या व्हॉल्यूमही ज्याच्या त्याच्या.

सामायिक होतात त्या गोष्टी अशा. पहिली, युजर डिरेक्टरी. मूळ फाइल एकच, पीमेंट या सामायिक देखभाल-युजरच्या २सीसी डिस्कवर, आणि प्रत्येक सदस्य तिच्यावरून आपापली ऑब्जेक्ट डिरेक्टरी बनवतो. दुसरी, सिस्टम कॉन्फिग. तीही एकच, पीमेंटच्या सीएफ० वर, आणि तिच्यातच कुठल्या स्लॉटवर कोण सदस्य ते लिहिलेलं असतं. तिसरी, डिस्क: मिनीडिस्क (खऱ्या डिस्कचा गेस्टला दिलेला तुकडा) कोणी लिहायला उघडली आहे हे चौघांनाही कळतं, त्यामुळे एका सदस्यावर राइट लिंक असताना दुसऱ्यावरून कोणी तिच्यावर लिहू शकत नाही. मिनीडिस्क कॅशही त्याप्रमाणे आपोआप बंद-चालू होतो. चौथी, स्पूल (प्रिंट, कन्सोल आणि पाठवलेल्या फाइलींची साठवण): फाइल तयार झाली त्याच सदस्याच्या व्हॉल्यूमवर राहते, पण कुठूनही दिसते. पाचवी, व्हर्च्युअल नेटवर्क, म्हणजे व्हीस्विचची (आभासी नेटवर्क स्विचची) नावं आणि मॅक पत्ते यांचा समन्वय.

या सगळ्याच्या जोरावर जे मिळतं तेच खरं फळ: चालू लिनक्स गेस्ट एका व्हीएमवरून दुसरीवर हलवता येतो. लाइव्ह गेस्ट रिलोकेशन. मग तुमचा रविवार पहाटेचा आयपीएल मंगळवारी दुपारी होऊ शकतो, कारण एलपार आधी रिकामा करून ठेवता येतो.

मात्र रिकामा करायचा तर त्या गेस्टना दुसरीकडे जागा हवी. म्हणजे उरलेल्या तीन एलपारमध्ये मिळून एका एलपारएवढी मेमरी मोकळी. साहेबांना वाटतंय क्लस्टरने मेमरी वाचेल. प्रत्यक्षात आधी थोडी जास्तच लागेल.

खट्याळ_पेंग्विन

हे सगळं वाचून एकच म्हणतो: व्हीएमवेअरने व्हीमोशन २००३ मध्ये आणलं. झेड/व्हीएममध्ये लाइव्ह रिलोकेशन आलं ६.२ बरोबर, डिसेंबर २०११ मध्ये. व्हर्च्युअलायझेशनचे आजोबा म्हणवायचं आणि नातवाच्या आठ वर्षं मागे यायचं!

(हलके घ्या आजोबा.)

सीएमएस_आजोबा

घेतलं. तारखा बरोबर आहेत, वाद नाही.

पण "मशीन जोडणे" ही गोष्ट व्हीएमला २०११ साली सुचली असं समजू नका. व्हीएम/३७० जाहीर झालं २ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधी अमेरिकेतल्या केंब्रिजच्या आयबीएम सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-४० आणि सीपी-६७ या तिच्या पूर्वज प्रणाली होऊन गेल्या होत्या. त्याच केंब्रिजमध्ये एडसन हेंड्रिक्सने आरएससीएस लिहिलं. एका व्हीएमच्या स्पूलमधली फाइल दुसऱ्या व्हीएमच्या स्पूलमध्ये टाकणारं सॉफ्टवेअर, दिसायला साधं. त्यातून आयबीएमचं अंतर्गत जाळं उभं राहिलं, व्हीनेट. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते अर्पानेटपेक्षा (इंटरनेटच्या पूर्वजापेक्षा) मोठं होतं. मग १९८१ मध्ये न्यूयॉर्कची सिटी युनिव्हर्सिटी आणि येल यांनी त्याच तंत्रावर बिटनेट सुरू केलं. विद्यापीठांमधली मेल, फाइली, गप्पा, सगळं स्पूलवरून.

आणि जोडण्याचे दुष्परिणामही व्हीएमवाल्यांनी फार आधी बघितलेत. डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या एका विद्यार्थ्याने ख्रिसमस नावाचं रेक्स भाषेतलं एक्झेक (स्क्रिप्ट) सोडलं. चालवलं की पडद्यावर ख्रिसमसचं झाड दिसायचं, आणि तेवढ्यात ते तुमची नेम्स (पत्त्यांची यादी) आणि नेटलॉग (फाइली पाठवल्याची नोंद) फाइल वाचून त्यात सापडलेल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवून द्यायचं. ओळखीच्या माणसाकडून आलेली फाइल, कोण उघडणार नाही? बिटनेट आणि युरोपातल्या अर्न या जाळ्यावरून ते व्हीनेटमध्ये शिरलं आणि तिथली वाहतूक तुंबली. ई-मेलच्या अटॅचमेंटमधून पसरणाऱ्या व्हायरसांचं पूर्ण तंत्र त्यात होतं, बारा-तेरा वर्षं आधी.

एकाच संगणक केंद्रातल्या दोन-चार व्हीएमनी मिनीडिस्क आणि स्पूल वाटून घेण्यासाठी व्हीएम/ईएसएच्या काळात सीएसई होतं, क्रॉस सिस्टम एक्स्टेन्शन्स. त्यातही एक्सलिंक आणि एक्सस्पूल होते. पण संदेशवहन पीव्हीएम नावाच्या वेगळ्या व्हर्च्युअल मशीनकडून व्हायचं, आणि डिरेक्टरी एकसारखी ठेवणं हा माणसांचा प्रश्न होता. एसएसआयने हे काम थेट सीपीच्या, म्हणजे व्हीएमच्या गाभ्याच्या, पोटात घेतलं.

खट्याळ_पेंग्विन

ख्रिसमसची गोष्ट माहीत नव्हती. त्याच्यावर वेगळा धागा काढा की.

बॅचवाला

मी झेड/ओएसचा (मेनफ्रेमच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमचा) माणूस, त्यामुळे एक मूलभूत शंका. आमच्याकडे पॅरलल सिसप्लेक्स १९९४ पासून आहे. कपलिंग फॅसिलिटी (सगळ्या सिस्टमनी वाटून घेतलेली मेमरी) असते, ३२ पर्यंत सिस्टम एकत्र, एक मेली तर डीबी२ चं काम दुसरीकडे चालूच राहतं. एसएसआय म्हणजे व्हीएमचं सिसप्लेक्सच ना?

सीएमएस_आजोबा

नाही. नावाने फसायला होतं.

सिसप्लेक्समध्ये ॲप्लिकेशन एकाच वेळी अनेक सिस्टमवर चालतं आणि लॉक, कॅश, याद्या कपलिंग फॅसिलिटीत असतात. सिस्टम पडली तर तिची जागा घ्यायला भाऊबंद आधीच कामावर असतात. एसएसआयमध्ये कपलिंग फॅसिलिटी नाही. सदस्य एकमेकांशी फायकॉन सीटीसीवरून (दोन सिस्टमना थेट जोडणाऱ्या चॅनेलवरून) आयएसएफसीने (सीपीच्या संदेशवहनाने) बोलतात. आणि एक गेस्ट एका वेळी एकाच सदस्यावर असतो. तो सदस्य धाडकन पडला तर त्याच्यावरचे गेस्टही पडले. हलवायला चालू गेस्ट लागतो. मेलेल्याची मेमरी कुठून उचलणार? डिरेक्टरी आणि डिस्क सामायिक असल्यामुळे तोच गेस्ट लगेच दुसऱ्या सदस्यावर लॉगऑन करता येतो, तेवढा फायदा नक्की. पण ते करणारं ऑटोमेशन तुम्ही लिहायचं, आणि लिनक्स पहिल्यापासून बूट होणार.

थोडक्यात, एसएसआय आहे ठरवून घेतलेल्या आउटेजसाठी. अचानक येणाऱ्यासाठी ॲप्लिकेशनचं स्वतःचं क्लस्टरिंग हवं. आमच्या एका जुन्या क्लायंटच्या रिस्क रजिस्टरमध्ये "एसएसआय = हाय अव्हेलेबिलिटी" असं लिहिलेलं होतं, ते खोडून घ्यायला बैठकांवर बैठका गेल्या.

एडिसनकर

आजोबा, छान लिहिलंत. मी गेली काही वर्षं अमेरिकेत हेच काम करते आहे, त्यामुळे जमिनीवरचं थोडं सांगते. मुळशीकर, क्लस्टर उभं करणं हा सोपा भाग आहे. गेस्ट हलण्याजोगे करणं हा कष्टाचा.

गेस्ट हलवणाऱ्या व्हीएमरिलोकेट कमांडला टेस्ट असा पर्याय आहे. हलवत काहीच नाही, फक्त हा गेस्ट त्या सदस्यावर जाऊ शकेल का ते तपासतो आणि नाही तर का नाही याची यादी देतो. पहिल्यांदा चालवाल तेव्हा जवळजवळ सगळे गेस्ट नापास होतील. घाबरू नका, कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं: गेस्टकडे मेंट या देखभाल-युजरच्या १९०, १९डी, १९ई डिस्कांच्या लिंक असतात. त्या डिरेक्टरी प्रोफाइलमधून येतात, लिनक्सला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण त्या प्रत्येक सदस्याच्या स्थानिक डिस्का असल्यामुळे सीपी गेस्टला सोडत नाही. लिनक्स आयपीएल करण्याआधी प्रोफाइल एक्झेकमध्येच त्या डिटॅच करा. चालू गेस्टवर लिनक्समधून व्हीएमसीपी कमांडनेही काढता येतात.

दुसरं, डिरेक्टरीत ऑप्शन सीएचपीआयडीव्हर्च्युअलायझेशन वन (गेस्टला खऱ्याऐवजी आभासी चॅनेल क्रमांक दाखवणारी ओळ) नसतं. ते टाकल्यावर गेस्टला पुन्हा लॉगऑन करावं लागतं, म्हणजे प्रत्येक गेस्टचं एक शेवटचं आउटेज. तेव्हा हे आजच सगळीकडे टाकून ठेवा आणि पुढच्या ठरलेल्या रीबूटची वाट बघा. क्लस्टर नंतर होऊ दे.

तिसरं, डेडिकेट केलेली उपकरणं. ओएसए (नेटवर्क कार्ड) किंवा एफसीपी (स्टोरेजकडे जाणारं उपकरण) थेट गेस्टला दिलेलं असेल तर दोन्हीकडच्या उपकरणांना सिस्टम कॉन्फिगमध्ये सारखा ईक्यूआयडी द्यावा लागतो. "हे दोन समान आहेत" हे सीपीला कोणीतरी सांगायला हवं ना. डॅस्डीचा (मेनफ्रेमच्या डिस्कचा) ईक्यूआयडी सीपी स्वतः काढतो. एफसीपीवर आणखी एक: गेस्ट हलला की त्याचे मार्ग क्षणभर तुटतात, म्हणून लिनक्सच्या मल्टिपाथमध्ये मार्ग नसताना आयओ रांगेत धरून ठेवण्याची सेटिंग हवी. आणि एनपीआयव्ही (प्रत्येक एफसीपी उपकरणाला स्वतंत्र स्टोरेज पत्ता) वापरत असाल तर पलीकडच्या उपकरणाचं डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे तो पत्ता, वेगळं असतं, तेव्हा स्टोरेजच्या टीमकडून त्याचंही झोनिंग आणि मास्किंग आधी करून घ्या. स्टोरेजवाले "आधीच दिलंय" म्हणतात. तपासा.

चौथं फार लहान आहे: गेस्ट डिसकनेक्टेड असायला हवा. कोणीतरी कन्सोलवर लॉगऑन करून जेवायला गेलेलं असतं.

मुळशीकर

एडिसनकर, हे सोन्यासारखं आहे. आमचे बहुतेक गेस्ट व्हीस्विचवर आहेत, ओएसए डेडिकेट फक्त काहींना. व्हीस्विचचं काय करायचं?

आणि दुसरं, हलताना गेस्ट किती वेळ थांबतो? ॲप्लिकेशनवाले पहिला प्रश्न हाच विचारणार.

एडिसनकर

व्हीस्विच: चारही सदस्यांवर त्याच नावाचा, आणि सगळ्यांचे ओएसए एकाच लॅनवर. मॅकप्रिफिक्स प्रत्येक सदस्याचा वेगळा, यूजरप्रिफिक्स सगळ्यांचा एकच. गेस्ट हलताना आपला मॅक पत्ता आणि आयपी बरोबर घेऊन जातो आणि नव्या जागी पोचल्यावर बाहेरच्या स्विचला एआरपीने कळवलं जातं. नेटवर्क टीमने पोर्टवर मॅक पत्त्यांबाबत सुरक्षेचे कडक नियम लावले असतील तर मात्र गेस्ट पोचतो आणि नेटवर्क पोचत नाही. आधी विचारून घ्या.

वेळ: गेस्ट चालू असतानाच त्याची मेमरी पलीकडे पाठवली जाते. पहिल्या फेरीत सगळी, पुढच्या फेऱ्यांत मधल्या काळात बदललेली पानं. उरलेलं थोडं झालं की गेस्ट थांबवतात, शेवटच्या फेऱ्या पूर्ण करतात आणि पलीकडे चालू करतात. थांबण्याच्या वेळेला मॅक्सक्वायेस ही मर्यादा आहे, काही न सांगितल्यास १० सेकंद. तेवढ्यात झालं नाही तर रिलोकेशन रद्द होतं आणि गेस्ट जिथे होता तिथेच पुढे चालू लागतो. ही मला फार आवडणारी गोष्ट आहे: अपयश आलं तरी गेस्ट शाबूत.

आता दहा सेकंद म्हणजे थोडे की फार, ते ॲप्लिकेशनवर. निवांत वेब सर्व्हरला कळतही नाही. पण मोठ्या हीपचं जावा, किंवा भरपूर लिहिणारा डेटाबेस, इतक्या वेगाने पानं मळवतो की फेऱ्या कमी होण्याचं नाव घेत नाहीत. अशांना कमी लोडच्या वेळी हलवा. आणि एका वेळी एकच. चार टर्मिनल उघडून चार गेस्ट एकदम पाठवले की सगळे एकाच लिंकवर भांडतात आणि प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ वाढतो.

म्हणूनच सीटीसीत कंजूषपणा नको. प्रत्येक सदस्याची प्रत्येक सदस्याशी थेट जोडणी लागते, मध्यस्थ चालत नाही. चार सदस्य म्हणजे सहा जोड्या. एका आयएसएफसी लिंकमध्ये १६ पर्यंत सीटीसी उपकरणं घेता येतात. ती निदान दोन वेगळ्या चॅनेलवर विभागा, म्हणजे एक कार्ड गेलं तरी क्लस्टर तुटणार नाही.

बॅचवाला

७.३ मध्ये सदस्यसंख्या आठ केली ना? म्हणजे २८ जोड्या. आयओसीडीएस (उपकरणांच्या जोडण्यांची व्याख्या) लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

खट्याळ_पेंग्विन

बरं, आता खोडी नाही, खरा प्रश्न. आमच्याकडे लिनक्सवनवर (फक्त लिनक्ससाठीच्या मेनफ्रेमवर) ओपनशिफ्ट (कंटेनर चालवणारी प्रणाली) आहे, वर्कर नोड झेड/व्हीएमचे गेस्ट. नोड ड्रेन केला की पॉड दुसरीकडे जातात. मग गेस्ट हलवण्याची गरजच काय? मला तर एलजीआर (लाइव्ह गेस्ट रिलोकेशन) हे जुन्या पद्धतीच्या पाळीव सर्व्हरांसाठी वाटतं.

एडिसनकर

ओपनशिफ्टच्या वर्कर नोडपुरतं पूर्ण सहमत. तिथे आम्ही एलजीआर वापरतच नाही. ड्रेन करतो, नोड बंद करतो, आयपीएलनंतर पुन्हा चालू. पण खऱ्या जगात त्याच एलपारवर एक ओरॅकल असतं, एक जुनं वेबस्फिअर असतं ज्याला हात लावायची कोणाची हिंमत नसते, आणि एक गेस्ट असतो ज्याचा मालक कोण हे कोणालाच माहीत नसतं. एलजीआर त्यांच्यासाठी. आणि सामायिक डिरेक्टरीचा, एकदाच लावायच्या सर्व्हिसचा फायदा ओपनशिफ्टवाल्यांनाही आहेच: सर्व्हिस एकदा लावायची आणि मग एकेका सदस्यावर पुट२प्रॉड (ती चालू सिस्टमवर नेणारी कमांड) करत जायचं.

तीनशेसाठ

उशिरा आलो. सगळं चांगलं चाललंय, पण बिघाडाच्या बाजूवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते क्लस्टर करावं की नाही हा निर्णय या एका भागावर घ्यावा.

सामायिक कॉमन व्हॉल्यूमवर पीडीआर असतो, पर्सिस्टंट डेटा रेकॉर्ड. तो ईसीकेडी प्रकारच्या डॅस्डीवरच लागतो. त्यात क्लस्टरमध्ये कोण, कुठल्या अवस्थेत हे लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक सदस्य तिथे ठरावीक काळाने आपली वेळ नोंदवत राहतो, म्हणजे "मी जिवंत आहे". सीटीसी तुटली तरी पीडीआरवरून समोरच्याचा श्वास चालू आहे का ते कळतं.

सदस्य नीट शटडाउन झाला तर तो रीतसर क्लस्टर सोडतो, उरलेले पुढे चालू. पण समजा एलपार अडकला, किंवा कोणी एचएमसीवरून (मेनफ्रेमच्या नियंत्रण कन्सोलवरून) थेट डीॲक्टिव्हेट केला. उरलेल्यांना तो मेला की नुसता गप्प आहे हे ठरवता येत नाही. अशा वेळी क्लस्टर सेफ मोडमध्ये जातं. चालू गेस्ट चालत राहतात, पण नवीन लॉगऑन, नवीन लिंक, म्हणजे सामायिक वस्तूला हात लावणारं जवळपास सगळं अडतं. पडलेल्या सदस्याचे गेस्ट दुसरीकडे उठवायला तुम्ही धावत जाता आणि नेमकं तेव्हाच लॉगऑन चालत नाही.

यातून बाहेर काढणारी कमांड म्हणजे सेट एसएसआय, सदस्याचं नाव, डाउन. माणसाने क्लस्टरला सांगायचं की तो नक्की मेलाय. आता कल्पना करा की तो मेलेला नव्हता. तुम्ही त्याचे गेस्ट दुसरीकडे उठवले, आणि तिकडे मूळ गेस्ट जागे झाले. एकाच मिनीडिस्कवर दोन लिनक्स लिहितायत. फाइल सिस्टमची चटणी. म्हणून आमच्याकडे कार्यपद्धतीत लिहिलेलं आहे: आधी एचएमसीवरून त्या एलपारचा सिस्टम रीसेट, तो झाल्याचं दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी बघायचं, मगच कमांड. रात्री तीन वाजता एकट्या माणसाने ती मारायची नाही. ऑटोमेशनने तर नाहीच.

यात सीपीचा दोष नाही. सेफ मोड त्रासदायक वाटतो तो डेटा वाचवण्यासाठीच आहे. पण तुमच्या ऑपरेशन्स टीमने हा प्रसंग एकदाही करून बघितला नसेल तर चार सुट्या व्हीएम बऱ्या.

सीएमएस_आजोबा

तीनशेसाठ यांना दंडवत. शब्दन् शब्द सहमत.

डिरेक्टरीचंही तसंच. सुट्या चार व्हीएममध्ये चुकीची ओळ एका मशीनला भोवते. मूळ फाइल एक झाली की चूकही चौघांत एकदम जाते. हाताने यूजर डायरेक्ट एडिट करण्याची सवय असेल तर ती सोडा आणि डिरमेंट (डिरेक्टरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावा. एका सदस्यावर मुख्य डिरमेंट, बाकीच्यांवर त्याचा सहायक डिरमसॅट. रॅकफचा डेटाबेसही सामायिक करावा लागेल.

मुळशीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनशेसाठ, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावतोय.

हे सगळं सरावायला कुठे मिळेल? आमच्याकडे रिकामा एलपार कोणी देणार नाही.

तीनशेसाठ

द्यायची गरज नाही. व्हीएमच्या आत व्हीएम चालते हे विसरलात काय! एकाच एलपारमधल्या झेड/व्हीएमखाली चार सेकंड-लेव्हल झेड/व्हीएम गेस्ट म्हणून उभ्या करा, त्यांच्यात व्हर्च्युअल सीटीसी जोडा, आणि सामायिक व्हॉल्यूम म्हणून मिनीडिस्क द्या. एसएसआयला सदस्य एकतर सगळे फर्स्ट-लेव्हल लागतात किंवा सगळे एकाच यजमानाखाली सेकंड-लेव्हल. दोन्हींची मिसळ नको. इन्स्टॉलेशनमध्ये यासाठीचा पर्याय आहेच. वेगाची अपेक्षा धरू नका, पण पीडीआर, सेफ मोड, सेट एसएसआय, रिलोकेशन सगळं खरंखुरं घडतं. एका सदस्याला मुद्दाम लॉगऑफ करून टाका आणि उरलेल्यांवर काय दिसतं ते टीमला दाखवा. एलपार अडकल्यावर जे दिसतं तेच दिसेल, फक्त कोणाचा पगार अडणार नाही.

खट्याळ_पेंग्विन

हे मात्र व्हीएमवेअरवाल्यांना इतक्या सहज जमत नाही, मान्य.

मुळशीकर

शेवटची अडचण, आणि ही मला मोठी वाटतेय. जोडायच्या आधी म्हणून आज चारही मशीनच्या व्हॉल्यूमांची यादी काढली. चारही वेगवेगळ्या वेळी, पण इन्स्टॉलेशनमध्ये सुचवलेलीच नावं ठेवून बसवलेल्या. त्यामुळे प्रत्येकीत एम०१रेस लेबलाची व्हॉल्यूम आहे, प्रत्येकीत व्हीएमकॉम१ आहे. गेस्टचंही तेच: लिनक्स०१, लिनक्स०२ ही नावं तीन ठिकाणी. एकाच डॅस्डी जाळ्यात चार एम०१रेस दिसले तर काय होईल?

एडिसनकर

काय होईल ते बघू नका. एका लेबलाच्या दोन व्हॉल्यूम दिसल्या की सीपी एक घेते, आणि ती तुम्हाला हवी तीच असेल याची खात्री नाही.

आणि गेस्टच्या नावांवर क्लस्टरचा नियम कडक आहे. डिरेक्टरीत यूजर म्हणून लिहिलेली मशीन पूर्ण क्लस्टरमध्ये एका वेळी एकाच ठिकाणी लॉगऑन होते; तीन लिनक्स०१ चालणारच नाहीत. टीसीपीआयपी, ऑपरेटर, मेंट अशा मशीन, ज्या प्रत्येक सदस्यावर लागतातच, त्या आयडेंटिटी म्हणून लिहायच्या, खाली प्रत्येक सदस्यासाठी बिल्ड ऑन आणि सबकॉन्फिग. सर्व्हिस मशीन यूजरच ठेवली की ती पहिल्या सदस्यावर चढते आणि बाकी तिघांवर लॉगऑन नाकारला जातो, आणि लोक तासभर रॅकफमध्ये कारण शोधत बसतात.

सीएमएस_आजोबा

मुळशीकर, चार जुनी घरं भिंती पाडून जोडत बसू नका. चौघींपैकी सगळ्यात स्वच्छ असेल ती निवडा आणि तिला एकसदस्यीय एसएसआय क्लस्टरमध्ये बदला. याची रीतसर पद्धत मॅन्युअलमध्ये दिली आहे. मग तिच्यावरून क्लोन करून दुसरा सदस्य तयार करा, नवीन लेबलांसह. ७.१ पासून एसएसआय मूळ उत्पादनातच आहे, वेगळे पैसे नाहीत, तेव्हा एकसदस्यीय क्लस्टर ठेवण्यात तोटा काही नाही.

जुन्या तीन व्हीएम क्लस्टरमध्ये आणायच्याच कशाला? त्यांच्यावरचे गेस्ट एकेक करून, नवीन नावाने क्लस्टरच्या डिरेक्टरीत लिहा, डिस्कांना नवी लेबलं द्या, आणि ज्याचा रीबूट ठरलेला असेल त्या दिवशी जुनीकडे लॉगऑफ, नवीनकडे लॉगऑन. हेच ते आउटेज ज्यात एडिसनकरांनी सांगितलेला ऑप्शनही बसवून टाकायचा. जुनी व्हीएम रिकामी झाली की तिचा एलपार पुढच्या क्लोनला द्या.

झेड१५ वरून सुरुवात केलीत तर एवढं बघा: गेस्ट फक्त झेड१५ च्या रिलोकेशन डोमेनमध्ये (ज्या सदस्यांत गेस्ट फिरू शकतो त्या गटात) अडकवू नका. नेहमीच्या एसएसआय डोमेनमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही पेट्यांना समान असलेल्या सुविधाच त्यांना दिसतील आणि झेड१४ कडे जायची वाट मोकळी राहील.

मुळशीकर

म्हणजे मोकळा एलपार एक तरी लागणारच, पहिल्या क्लोनसाठी. झेड१५ वर थोडी मेमरी न वाटलेली पडून आहे, तेवढ्यात छोटा एलपार बसेल. डिस्कांची मागणी आज टाकतो. ऑप्शन वनची ओळ तर आज रात्रीच चारही डिरेक्टऱ्यांत जाते.

एडिसनकर

आणि १९० चं डिटॅचही, त्याच बदलात. दोनदा चेंज तिकीट भरू नका.